बोअर डाइकच्या पोटात: एका चुंबकीय नकाशाची उलटतपासणी

३४ फुटांवर काळा दगड लागला आणि २१० फुटांपर्यंत तो काळाच राहिला. बोअरच्या गाडीमागे साचणाऱ्या भुकटीचा रंग एकदाही बदलला नाही. ना मांजऱ्या (पाणी धरणारा मऊ, सच्छिद्र खडक) लागला, ना तांबडा गेरू, ना ओल. गाडीवाल्याने रॉड काढायला घेतले तेव्हा शेताचे मालक आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, नकाशामा ते पानी व्हतं ना?"

नकाशा माझा होता. भूशास्त्रात एम.एस्सी. करून एका छोट्या सल्लागार कार्यालयात लागले, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते, आणि चुंबकीय सर्वेक्षणाचा डेटा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने हाताळायची ती माझी पहिली वेळ. मोजणी नीट झाली होती, सॉफ्टवेअरने कुठेही लाल अक्षरात काही दाखवलं नव्हतं, नकाशा तर इतका देखणा निघाला होता की मी तो फोनच्या स्क्रीनवर लावला होता. तरी बोअर कोरडी गेली. नंतरचे तीन आठवडे मी तोच डेटा उलटासुलटा करत होते. त्यात जे सापडलं ते इथे लिहिते आहे. गावाचं नाव देत नाही. साक्री तालुका, धुळे जिल्हा, एवढं पुरे.

जागा

धुळे-नंदुरबारच्या नकाशावर पूर्व-पश्चिम जाणाऱ्या बारीक काळ्या रेघा दिसतात. त्या डाइक. दख्खनच्या बेसॉल्टचे थर एकावर एक आडवे पसरलेले आहेत. त्यांना उभ्या भेगा पडल्या, त्यात खालून लाव्हा घुसला आणि तिथेच थिजला. म्हणजे आडव्या थरांमध्ये उभी भिंत. काही भिंती डझनावारी किलोमीटर लांब आहेत. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला तिथे त्या टेकडीच्या कण्यासारख्या वर उभ्या दिसतात. बाकी ठिकाणी काळ्या मातीखाली गडप असतात.

पाण्याच्या दृष्टीने अशा भिंतीचं महत्त्व मोठं. भूजल उताराने सरकत येतं, भिंतीला अडतं आणि वरच्या अंगाला साठतं. पांझरेच्या खोऱ्यात, जिथे फडाचे बंधारे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, तिथे हे समजावून सांगावं लागत नाही. "जमिनीच्या पोटातला बंधारा" म्हटलं की काम झालं. डाइकच्या कडेला खडक तडकलेलाही असतो, त्यामुळे वरच्या अंगाला, कडेला लागून पण भिंतीच्या बाहेर, बोअर घ्यायची हा या भागातला नेहमीचा हिशोब.

आप्पांच्या शेतापासून किलोमीटरभर पश्चिमेला डाइक उघडी दिसते आणि मग मातीखाली जाते. शेत दक्षिणेकडून उत्तरेला, ओढ्याकडे उतरतं. म्हणजे पाणी दक्षिणेकडून येणार आणि भिंतीच्या दक्षिण अंगाला थांबणार. सहा परस खोल विहीर संक्रांतीनंतर तळ दाखवायची. आमच्या आधी पाणाड्या येऊन गेला होता. त्याच्या हातावरचा नारळ जिथे उभा राहिला, तिथे आप्पांनी दगड ठेवला होता. माझ्या नकाशाप्रमाणे तो दगड डाइकच्या खालच्या अंगाला होता, म्हणून मी त्यावर हसले होते. मनातल्या मनात, पण हसले होते.

आमच्यापुढे प्रश्न एवढाच होता: मातीखाली भिंत नेमकी कुठे आहे? पाच-दहा मीटरच्या अचूकतेने. डाइकच्या दगडामुळे वरचं चुंबकीय क्षेत्र जरासं बदलतं, म्हणून ते मोजायचं ठरलं.

मोजणी

डाइक पूर्व-पश्चिम, म्हणून ओळी दक्षिण-उत्तर घेतल्या. अकरा ओळी, प्रत्येक ४०० मीटरची, दोन ओळींत ५० मीटर अंतर, ओळीवर दर ५ मीटरला रीडिंग. एका ओळीत ८१, सगळी मिळून ८९१ रीडिंगं, दोन दिवसांत. उपकरण प्रोटॉन मॅग्नेटोमीटर. त्याच्या डबीत भरपूर हायड्रोजन असलेला द्रव असतो. वीज सोडून त्यातले प्रोटॉन एका बाजूला वळवतात, मग वीज तोडतात. प्रोटॉन भोवऱ्यासारखे पृथ्वीच्या क्षेत्राभोवती डुलतात आणि डुलण्याच्या वेगावरून क्षेत्र कळतं. साक्रीकडे क्षेत्र ४४ हजार नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १,८७० डोल. ज्याला आपण मोजतो आहोत तो माणसाच्या कानाला ऐकू येईल असा स्वर आहे, हे कळल्यापासून मला ते उपकरण जरा आवडायला लागलं.

मोजणाऱ्याच्या अंगावर लोखंड नको: पट्ट्याचं बक्कल नको, किल्ल्या नकोत, मोबाइल तर नाहीच. विहिरीजवळच्या पंपाच्या पाइपामुळे दोन ओळींवर टोकदार उसळ्या आल्या, त्या मी हाताने काढल्या. इथवर सगळं पुस्तकातल्यासारखं झालं.

पहिली चूक, जी पकडली गेली

पृथ्वीचं क्षेत्र दिवसभर एकसारखं राहत नाही. सूर्यामुळे वरच्या वातावरणात विद्युतप्रवाह वाहतात आणि आपल्या अक्षांशांवर भर दुपारी क्षेत्र दोन आकडी नॅनोटेस्लांनी फुगतं. म्हणून मोजणी चालू असताना दर पाऊण तासाने एकाच ठरलेल्या जागेवर, बेसवर, परत येऊन रीडिंग घ्यायचं. दोन बेस रीडिंगांमधला बदल सरळ रेषेने वाटून वजा करायचा. आमच्याकडे उपकरण एकच होतं. दुसऱ्या दिवशी सव्वाअकरा ते पावणेदोन ऊन इतकं होतं की बेसवर परत न जाता आम्ही तीन ओळी एका दमात चाललो. सरळ रेषेने वाटणी केली तर दुपारचा फुगवटा त्या रेषेच्या वर राहून जातो. नकाशावर त्या तीन ओळी कॉर्डरॉयच्या पँटीसारख्या उठून दिसल्या.

सॉफ्टवेअरमध्ये असे पट्टे पुसायची सोय असते. मायक्रोलेव्हलिंग म्हणतात तिला. मी ती वापरली, पट्टे गेले, मी खूश. कार्यालयातल्या माझ्या सरांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून विचारलं, "पट्टे कशाने आले ते माहीत आहे का तुला?" मी कारण सांगितलं. "मग कारण दुरुस्त कर. इस्त्री काय फिरवतेस?"

कारण दुरुस्त करायला अलिबाग कामी आलं. तिथल्या चुंबकीय वेधशाळेत १९०४ पासून नोंदी होत आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून ती तिकडे नेली गेली. आज भारतीय भूचुंबकत्व संस्था ती चालवते आणि मिनिटामिनिटाचा डेटा इंटरमॅग्नेटच्या जाळ्यातून कोणालाही मिळतो. साक्रीहून अलिबाग सुमारे ३०० किलोमीटर आहे, रेखांशातही फार फरक नाही. म्हणून फुगवट्याचा आकार तिकडून घ्यायचा आणि तो आपल्या बेस रीडिंगांमध्ये ताणून बसवायचा.

मी बसवला. दुपारचे पट्टे तसेच राहिले आणि सकाळच्या दोन ओळींवर नवे पट्टे उगवले. अर्धा दिवस गेल्यावर लक्षात आलं की वेधशाळेची वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे आणि माझ्या उपकरणात भारतीय. सकाळी साडेसातच्या रीडिंगांना मी दुपारी एकचा फुगवटा लावत होते. साडेपाच तास सरकवल्यावर पट्टे गेले.

ही चूक मी इतकी खुलवून सांगते आहे, कारण पुढच्या चुकीच्या वेळी हिचाच आधार वाटला. सुमारे १५ नॅनोटेस्लांची लबाडी पकडली, आता डेटा स्वच्छ, असा एक समज झाला. डाइकचा उंचवटा ७०० नॅनोटेस्लांचा होता.

दुसरी चूक, जी पकडली गेली नाही

पुढची पायरी ग्रिड, म्हणजे सुट्या रीडिंगांवरून सलग जाळी बनवणं. जाळीचं एक घर म्हणजे सेल. ओळींमधलं अंतर ५० मीटर, त्याच्या चौथ्या भागाइतका सेल घ्यायचा हा रुळलेला नियम, म्हणून साडेबारा मीटरचा सेल. मिनिमम कर्व्हेचर पद्धतीने, म्हणजे पातळ पत्रा सगळ्या बिंदूंतून वाकवत नेल्यासारखा, पृष्ठभाग तयार झाला. ओएसिस मोन्ताज या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे. मग आलं रिडक्शन टू पोल, ज्याला सगळे आरटीपी म्हणतात.

आरटीपी का करतात ते सांगायला हवं, कारण प्रकरणाचा गुंता तिथेच आहे. चुंबकीय ध्रुवावर पृथ्वीचं क्षेत्र सरळ खाली जातं आणि खालच्या चुंबकीय दगडाचा उंचवटा बरोबर त्याच्या डोक्यावर येतो. आपल्याकडे क्षेत्र तिरकं आहे. साक्रीला ते उत्तरेकडे झुकून आडव्यापासून ३१ अंशांच्या आसपास खाली जातं. तिरक्या उन्हात सावली बाजूला पडते तसा उंचवटा बाजूला सरकतो आणि त्याच्याशेजारी खळगा तयार होतो. आरटीपी हे गणित उलटं फिरवतं: हाच दगड ध्रुवावर असता तर नकाशा कसा दिसला असता ते काढून देतं. मग उंचवट्याच्या शिखरावर बोट ठेवायचं, दगड तिथे.

मी जे शिकले होते ते असंच: आरटीपी करा, शिखर बघा. प्रोग्रामने नतिकोन (क्षेत्र आडव्यापासून किती खाली झुकतं) आणि दिक्पात (खऱ्या उत्तरेपासून किती बाजूला वळतं) मागितला. तारीख आणि ठिकाण घालून आयजीआरएफ या पृथ्वीच्या क्षेत्राच्या प्रमाणित मॉडेलवरून आकडे घेतले, नतिकोन ३१, दिक्पात जवळपास शून्य. ओके.

नकाशा सुंदर आला. पूर्व-पश्चिम एक लांब लाल पट्टा, त्याच्या दक्षिणेला तेवढाच लांब निळा पट्टा. लाल म्हणजे डाइक. निळा म्हणजे झिजलेला, चुंबकत्व हरवलेला मऊ खडक, म्हणजेच पाण्याची जागा, असं मी अहवालात लिहिलं. डाइकची रुंदी १५ मीटर धरली, तिच्या दक्षिण कडेपासून १० मीटर दक्षिणेला खूण केली. ती खूण लाल आणि निळ्याच्या बरोबर मधोमध आली. खडक बदलतो ती सीमा, झकास.

बोअर मारल्यावर जो काळा दगड २१० फुटांपर्यंत संपला नाही, तो त्या भिंतीचा गाभा होता. आम्ही डाइकच्या पोटात शिरलो होतो.

उलटतपासणी

ऑफिसमध्ये परतल्यावर पहिलं काम केलं ते आरटीपीच्या आधीचा, कच्चा आलेख काढायचं. ग्रिड नाही, रंग नाहीत. एकच ओळ, ८१ बिंदू. त्यात एकच उंचवटा होता, जवळजवळ दोन्ही बाजूंनी सारखा, उत्तरेला किंचित खळगा. बोअरची जागा त्यावर खुणावली. ती शिखराला जवळजवळ चिकटून होती.

म्हणजे कच्चा आलेख बरोबर सांगत होता आणि मी त्याला "सुधारून" शिखर सुमारे १५ मीटर उत्तरेला ढकललं होतं.

मग ॲनालिटिक सिग्नलचा नकाशा काढला. हे वेगळं गणित आहे: आडव्या आणि उभ्या दिशांतल्या चढउतारांची एकत्र बेरीज. लांबच लांब डाइकसारख्या गोष्टीसाठी दगड कोणत्या दिशेने चुंबकित आहे याने त्याच्या शिखराची जागा बदलत नाही. त्याचं शिखर बोअरच्या दोन-तीन मीटर उत्तरेला होतं. लाज वाटली ती याची की हा नकाशा मी पहिल्यांदाही काढला होता. फोल्डरमध्ये फाइल होती, तारखेसकट. त्या वेळी दोन नकाशांत १५ मीटरचा फरक दिसला होता आणि मी स्वतःशी म्हटलं होतं, साडेबारा मीटरचा सेल आहे, एका सेलचा फरक, चालायचंच.

ऑयलरचेही तेच. ऑयलर डीकॉन्व्होल्यूशन क्षेत्राच्या उतारांवरून खोली काढतं, आणि त्यालाही चुंबकनाची दिशा माहीत असावी लागत नाही. त्याला एक आकडा मात्र द्यावा लागतो, ज्याला स्ट्रक्चरल इंडेक्स म्हणतात: गोळ्यासाठी ३, उभ्या नळीसाठी २, पातळ डाइकसाठी १, खडकांच्या सीमेसाठी ०. तो चुकला की खोली चुकते. मी १ दिला होता, उत्तर सुमारे १२ मीटर आलं होतं. सेन्सर खांबावर जमिनीपासून २ मीटर उंच, ते वजा केले की १०. बोअरमध्ये काळा दगड लागला ३४ फुटांवर, म्हणजे १० मीटर आणि थोडे सेंटिमीटर. खोली इतकी तंतोतंत आली म्हणून मी सुखावले होते. ते सगळे ठिपके आरटीपीच्या लाल पट्ट्यावर न बसता लाल-निळ्याच्या मधल्या रेषेवर बसले होते, हे मात्र मी "ग्रिडची गडबड" म्हणून सोडून दिलं होतं.

तीन साक्षीदार एका बाजूला होते, आरटीपी एकटा दुसऱ्या बाजूला. मी आरटीपीचं ऐकलं, कारण तो नकाशा देखणा होता.

दगड उलटा करून

आता कारण. आरटीपीला मी पृथ्वीच्या आजच्या क्षेत्राची दिशा दिली. पण त्या गणिताला दोन दिशा लागतात: क्षेत्राची आणि दगडाच्या चुंबकत्वाची. दुसरी दिली नाही तर ते समजून घेतं की दगड आजच्या क्षेत्राच्याच दिशेने चुंबकित आहे. बऱ्याच खडकांत हे चालतं. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये चालेलच असं नाही.

लाव्हा थंड होताना त्यातली मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतला गेला तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या होत्या. भारत दक्षिण गोलार्धात होता, २५ ते ३० अंश दक्षिण अक्षांशांच्या आसपास. आणि त्यातला मोठा भाग ज्या काळात थिजला त्या काळात पृथ्वीचं क्षेत्र उलटं होतं, होकायंत्राची सुई दक्षिण दाखवणारं. दक्षिण गोलार्धात नेहमीचं क्षेत्र उत्तरेकडे आणि वर जातं. उलटं झालं की दक्षिणेकडे आणि खाली. म्हणून दख्खनच्या अशा खडकांत शिल्लक राहिलेलं चुंबकत्व दक्षिण-आग्नेयेकडे, सुमारे ४५ अंश खाली झुकलेलं सापडतं. एम.एस्सी.च्या पुराचुंबकत्वाच्या पेपरात मी हे लिहून मार्क मिळवले होते. आरटीपीचा चौकोन भरताना ते आठवलं नाही, कारण चौकोनाने विचारलं नाही.

सर म्हणाले, "अंदाज नको, दगड आण."

आप्पांच्या शेजारच्या शेतात डाइकमध्येच खणलेली जुनी विहीर आहे. तिच्या काठावरच्या ढिगाऱ्यातून मी वीतभर रुंदीचा धोंडा उचलला. उघड्या कण्यावरचा मुद्दाम घेतला नाही. उंचावरच्या दगडांवर विजा पडतात आणि विजेने चुंबकत्व बदललेलं असतं. मोकळ्या जागेत मॅग्नेटोमीटर उभा केला, सेन्सरपासून अर्ध्या मीटरवर लाकडी स्टुलावर धोंडा ठेवला. एका स्थितीत रीडिंग २४ नॅनोटेस्लांनी वाढलं. मग धोंडा उलटा केला. रीडिंग १७ नॅनोटेस्लांनी खाली गेलं.

आजच्या क्षेत्रामुळे दगडात येणारं प्रवर्तित चुंबकत्व दगड कसाही फिरवला तरी साधारण तसंच राहतं. शिल्लक चुंबकत्व दगडाबरोबर फिरतं. म्हणून २४ आणि उणे १७ यांच्या फरकाचा अर्धा, साडेवीस, शिल्लकचा वाटा. सरासरी, साडेतीन, प्रवर्तितचा. एकास सहा. पद्धत अडाणी आहे, प्रयोगशाळेत कोणी अशी मोजणार नाही, पण मुद्दा स्पष्ट झाला: माझ्या आरटीपीने सातातला एक वाटा धरला होता आणि सहा वाटे सोडून दिले होते.

ढिगाऱ्यातल्या धोंड्यावरून "किती" कळतं, "कोणत्या दिशेने" कळत नाही, कारण तो जमिनीत कसा बसला होता ते माहीत नाही. दिशा कच्च्या आलेखातूनच निघाली. कागदावर तीन गणितं मांडली. शिल्लक चुंबकत्व नसेलच तर या अक्षांशावर पूर्व-पश्चिम उभ्या डाइकचा उंचवटा दक्षिणेला आणि खळगा उत्तरेला यायला हवा, डाइक मधल्या उतारावर. शिल्लक नेहमीच्या दिशेचं, म्हणजे त्या काळचं उत्तरेकडे-वर असेल, तर डाइकच्या डोक्यावर मोठा खळगा हवा. उलट्या दिशेचं असेल तर डाइकच्या डोक्यावर जवळजवळ सरळ उंचवटा, शिखर जरासं दक्षिणेला सरकलेलं, आणि उत्तरेला किंचित खळगा. माझा आलेख तिसऱ्यासारखा होता. पहिल्या दिवशी, शेतात, उपकरणाच्या पडद्यावरच तो तिसऱ्यासारखा होता.

अशा आलेखावर साधा आरटीपी चालवला की काय होतं तेही करून पाहिलं. सहापट उलट्या शिल्लक चुंबकत्वाच्या डाइकवर प्रवर्तित धरून आरटीपी केला तर सरळ उंचवट्याची बरोबर एक जोडी होते: उत्तरेला उंचवटा, दक्षिणेला तेवढाच खळगा आणि डाइक दोघांच्या मध्ये, शून्यावर. पाण्याची जागा म्हणून मी जो निळा पट्टा दाखवला होता, तो खडकच नव्हता. माझ्या रिकाम्या रकान्याने तयार केलेली ती सावली होती.

यातली एक गोष्ट अजून टोचते. निळ्या पट्ट्याचा मध्य डाइकच्या खऱ्या मध्यापासून सुमारे १५ मीटर दक्षिणेला येतो, म्हणजे भिंतीच्या बाहेर, वरच्या अंगाला, अगदी हवी तिथेच. मी सीमेवर खूण करण्याऐवजी निळ्याच्या मध्यावर केली असती तर पाणी लागून गेलं असतं. मग अहवालात तो मऊ खडक कायम राहिला असता आणि पुढच्या दहा गावांत मी तोच शोधत फिरले असते.

दुसरा नकाशा, दुसरी बोअर

पुन्हा आरटीपी केला, या वेळी दोन्ही दिशा देऊन. पायथॉनमध्ये फतिआंदो आ तेर्रा नावाचा मोफत प्रकल्प आहे, त्यातल्या हार्मोनिकामध्ये चुंबकनाच्या नतिकोन-दिक्पाताचे रकाने स्वतंत्र आहेत. ते रिकामे ठेवले तर तीही तेच समजून चालते जे मी समजून चालले होते, पण निदान रकाने डोळ्यांसमोर असतात. प्रवर्तित एक वाटा आणि शिल्लक सहा वाटे यांची बेरीज केली: नतिकोन सुमारे ५४, दिशा उत्तरेपासून १४९ अंश. शिखर बोअरच्या अगदी जवळ परत आलं, निळा पट्टा विरघळून गेला. नकाशा पहिल्याइतका देखणा नव्हता.

फक्त गणितावर पुन्हा गाडी बोलवायची कोणाचीच तयारी नव्हती, माझी तर नाहीच. म्हणून एका ओळीवर विद्युतरोधाची मोजणी केली, वेन्नर मांडणी, म्हणजे जमिनीत सारख्या अंतरावर रोवलेल्या चार दांड्या, दांड्यांमधलं अंतर २० मीटर. डाइकचा ताजा दगड वीज जाऊ देत नाही, त्यामुळे रोध तिथे उसळतो. उसळी तिथेच आली जिथे ॲनालिटिक सिग्नल आधीपासून म्हणत होता.

आप्पांकडे जाऊन पहिली बोअर का फसली ते सांगायचं काम सरांनी माझ्यावरच टाकलं. होकायंत्र घेऊन गेले होते. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, सुई फिरलेली, भारत दक्षिणेला असलेला, सगळं. मग म्हणाले, "म्हंजे दगडले जे याद से, ते तुम्ही इचारंच नही." आजी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, पैसे कोण देणार. दुसऱ्या बोअरचं बिल ऑफिसने उचललं.

दुसरी जागा पहिलीपासून १४ मीटर दक्षिणेला. माती, मुरूम, मग घट्ट बेसॉल्ट. ६२ फुटांवर मांजऱ्या लागला, ७० च्या पुढे भुकटी ओली होऊन गोळे पडायला लागले, ११८ वर पाणी वर आलं. १८० ला थांबलो. गाडीवाल्याच्या अंदाजाने दीड इंच. एप्रिलमध्ये मी पुन्हा गेले तेव्हा पंप चाळीस मिनिटं चालून तुटत होता, दोन तासांनी पुन्हा चालत होता. आप्पांनी त्यावर डाळिंबाच्या दोनशे झाडांपुरतं ठिबक जोडलं होतं. पाणाड्याचा दगड अजून तिथेच होता. तिथे कोणी बोअर मारलेली नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल मी काही म्हणू शकत नाही.

आता आमच्या अहवालाच्या नमुन्यात आरटीपीच्या नकाशाखाली एक ओळ आहे: "चुंबकनाची दिशा: ___, कशावरून: ___". मागच्या महिन्यात नव्या आलेल्या मुलाने तिथे "डिफॉल्ट" असं लिहून माझ्याकडे सहीला पाठवलं. मी त्याला धोंडा आणायला पाठवलं आहे.